अंधाऱ्या रंगमंचासाठी परवडणारी झूम लेन्स : एका हौशी नाट्यसंस्थेचं प्रकरण

पार्श्वभूमी

दक्षिण महाराष्ट्रातल्या एका शहरात आमची हौशी नाट्यसंस्था आहे. दरवर्षी एक नवं दोन अंकी नाटक बसवायचं, राज्य नाट्य स्पर्धेच्या प्राथमिक फेरीत उतरायचं आणि मग आसपासच्या तालुक्यांत जमतील तेवढे प्रयोग करायचे, हा आमचा शिरस्ता. १९५४ पासून चालत आलेल्या या स्पर्धेने महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांत नाटक जिवंत ठेवलं आहे. मी संस्थेची प्रकाशयोजना पाहते.

आमचे फोटो काढणारा मुलगा डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. त्याच्याकडे मामाने दिलेला निकॉन डी५३०० आणि त्याच्यासोबत आलेली १८-५५ मिमीची किट लेन्स (हा मिमीचा आकडा जितका मोठा, तितकं दृश्य जवळ येतं). तो पैसे घेत नाही, तालमींना नियमित येतो आणि नाटक त्याला पाठ असतं. कोणता क्षण येणार हे त्याला आधी कळतं, आणि रंगमंचाच्या छायाचित्रणात ही गोष्ट कुठल्याही लेन्सपेक्षा मोलाची आहे. त्याचं, शहराचं आणि विकणाऱ्यांचं नाव इथे दिलेलं नाही. बाकी हकिगत जशी घडली तशीच आहे.

अडचण

त्या वर्षीच्या नाटकाचा दुसरा अंक जवळजवळ सगळा रात्रीचा होता. एका हॅलोजनवर, तोही डीमरने निम्म्याखाली आणलेला, बापलेकीचा लांब प्रसंग. प्रेक्षकांना तो फार भिडायचा. फोटोंमध्ये मात्र त्यातलं काहीच येत नव्हतं. चेहरे हललेले, हात म्हणजे नुसते धुरकट पट्टे, आणि जे फोटो स्थिर होते त्यांत आयएसओ (प्रकाश टिपण्याची कॅमेऱ्याची संवेदनशीलता) इतका वाढलेला की गालांवर रवा सांडल्यासारखा दाणा. वर्तमानपत्राला पाठवण्याजोगा एकही फोटो त्या अंकाचा मिळाला नाही. फ्लॅशचा प्रश्नच नव्हता. चालू प्रयोगात फ्लॅश मारणं म्हणजे नटाच्या आणि माझ्याही कामावर पाणी ओतणं.

मुलाचं म्हणणं सरळ होतं : ‘‘ताई, लेन्स बदलल्याशिवाय होणार नाही.’’ दिग्दर्शक सरांनी कार्यकारिणीत विषय मांडला. संस्थेने १४,००० रुपये द्यायचे, ८,००० तो स्वतः घालणार. म्हणजे २२,००० मध्ये जे बसेल ते.

आधी बिनखर्चाचं

लेन्स शोधायला लागण्याआधी आम्ही एक रंगीत तालीम फक्त कॅमेऱ्याच्या सेटिंगसाठी वापरली. तो कॅमेरा ॲपर्चर प्रायॉरिटीवर (लेन्सचं छिद्र आपण ठरवायचं, शटरचा वेळ कॅमेरा ठरवतो) ठेवून सगळ्या चौकटीचा सरासरी प्रकाश मोजू देत होता. काळ्या पडद्यापुढे एकच उजळलेला माणूस असला की कॅमेरा त्या काळ्यालाही करडं करायला बघतो, शटर उगाच लांबवतो; चेहरा पांढरा पडतो आणि वर हलतोही. आम्ही चेहऱ्यावर स्पॉट मीटरिंग करून प्रकाश मोजला आणि मॅन्युअल मोडमध्ये तेच आकडे कायम ठेवले. फोटो रॉ मध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या कच्च्या फाइलमध्ये, घ्यायला सुरुवात केली, कारण मंद केलेला हॅलोजन तांबूस होत जातो आणि जेपेगमध्ये चेहऱ्याचा लाल रंग फार लवकर फुटतो.

एवढ्यानेच साधारण एका स्टॉपचा, म्हणजे दुप्पट प्रकाशाइतका, फायदा झाला. काही प्रसंग वाचले. बापलेकीचा प्रसंग तरीही नाही. ५५ मिमीला ही किट लेन्स एफ/५.६ पेक्षा जास्त उघडत नाही (एफचा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं छिद्र मोठं). तिथे आयएसओ ६४०० ठेवूनही शटर १/६० सेकंदापेक्षा वेगवान होईना, आणि बोलता बोलता मान वळवणाऱ्या माणसाला १/६० पुरत नाही. आता लेन्सवर खर्च करायला खरं कारण होतं.

नक्की काय हवं, हे कसं ठरलं

दुकानदाराला किंवा यूट्यूबवरच्या परीक्षकांना विचारण्याऐवजी आम्ही त्याच्याच जुन्या फोटोंना विचारलं. प्रत्येक फोटोत कोणत्या फोकल लेंग्थला, म्हणजे लेन्सच्या कोणत्या मिमीला, तो घेतला याची नोंद असते. मागच्या तीन नाटकांचे फोटो त्याने त्या क्रमाने लावले. दोनच ढीग पडले : एक १८ ते २४ चा, म्हणजे पूर्ण रंगमंच आणि नेपथ्य, दुसरा थेट ५५ वर अडकलेला. मधलं जवळपास रिकामं.

दुसरा ढीग पाहून तो म्हणाला, मग ७०-३०० च घेऊ या, परवडते पण. इथे मी थांबवलं. या वर्गातल्या स्वस्त ७०-३०० लेन्स लांबच्या टोकाला एफ/५.६ किंवा त्याहून अंधाऱ्या असतात. जिथे प्रकाशच कमी पडतोय तिथे आणखी लांबून तोच अंधार जवळ आणून काय करायचं? ७०-२०० एफ/२.८ हवी होती, पण ती थर्ड पार्टीची (निकॉन सोडून दुसऱ्या कंपनीची), वापरलेलीसुद्धा, आमच्या रकमेत येत नव्हती.

मग साधं गणित मांडलं. डी५३०० चा सेन्सर २३.५ मिमी रुंद. मुलगा दुसऱ्या रांगेच्या कडेला बसतो, तिथून रंगमंचाचा मध्य साधारण ८ मीटर. ५० मिमीला तिथून सुमारे पावणेचार मीटर रुंद आणि अडीच मीटर उंच चौकट मिळते. म्हणजे दोन-तीन उभी माणसं डोक्यापासून पायापर्यंत. १७ मिमीला ११ मीटर रुंदी, म्हणजे तीस फुटांचा रंगमंच विंगांसकट. आमच्या कामाचे बहुतेक फोटो या दोन टोकांत बसतात. चेहऱ्याचे क्लोजअप हवे असतील तर ते रंगीत तालमीत रंगमंचाच्या कडेला उभं राहून घ्यायचे, किंवा २४ मेगापिक्सेलमधून कापून काढायचे.

म्हणजे हवी होती १७-५० च्या आसपासची, सगळीकडे एफ/२.८ राहणारी झूम. ५० ला एफ/५.६ वरून एफ/२.८ म्हणजे दोन स्टॉप, चौपट प्रकाश. १/६० चं १/२५० होतं. मात्र रुंद टोकाला किट लेन्स मुळात एफ/३.५ असते, त्यामुळे तिथला फायदा जेमतेम दीडपट. हे मी त्याला मुद्दाम आकड्यांत दाखवलं. पूर्ण रंगमंचाचे फोटो चमत्कारासारखे सुधारतील या अपेक्षेने त्याने स्वतःचे ८,००० घालू नयेत.

तोललेले पर्याय

निकॉनची स्वतःची १७-५५ एफ/२.८ जुनी, दणकट आणि पाऊण किलोची; वापरलेलीसुद्धा मर्यादेबाहेर. सिग्माची १८-३५ एफ/१.८ प्रकाशाच्या दृष्टीने सगळ्यांत मोहक, पण ३५ ला थांबते आणि किंमतही झेपणारी नव्हती. निकॉनची ३५ मिमी एफ/१.८ ही प्राइम, म्हणजे झूम न होणारी, लेन्स सगळ्यांत स्वस्त पडत होती आणि एफ/२.८ पेक्षाही सव्वा स्टॉप उजळ. मी तिच्याकडे बराच वेळ झुकले होते. पण प्रयोग चालू असताना याला जागेवरून हलता येत नाही. पाय हलत नसतील तर झूम लागते. प्राइम लेन्सवाल्यांचा ‘पायांनी झूम करा’ हा सल्ला नाट्यगृहात उपयोगाचा नाही.

उरल्या तीन, तिन्ही थर्ड पार्टीच्या. टॅमरॉनची १७-५० एफ/२.८, स्थिरीकरण नसलेली, मॉडेल ए१६. टॅमरॉनचीच व्हीसी, म्हणजे स्थिरीकरणवाली, मॉडेल बी००५. आणि सिग्माची १७-५० एफ/२.८ ओएस (स्थिरीकरण) एचएसएम (सिग्माची फोकस मोटर), २०१० मधली. टॅमरॉन १९५० पासूनची, सिग्मा १९६१ पासूनची, दोन्ही जपानी आणि दोन्ही लेन्सच्या धंद्यात मुरलेल्या कंपन्या. ‘दुसऱ्या कंपनीची लेन्स म्हणजे नकली’ असं आमच्या खजिनदारकाकांना वाटत होतं. तो समज दूर करायला एक संध्याकाळ गेली.

बाजारात सगळ्यांत जास्त बोललं जातं ते स्थिरीकरणाबद्दल. आमच्यासाठी ते जवळजवळ गैरलागू होतं. स्थिरीकरण फोटो काढणाऱ्याच्या हाताचा कंप शोषतं. नटाने मान वळवली तर ते काहीही करू शकत नाही. नट थिजवायला आम्हाला १/१६० तरी हवाच होता, आणि त्या वेगाला ५० मिमीवर हाताचा कंप मुळात दिसत नाही. शिवाय टॅमरॉनच्या दोन लेन्समध्ये स्थिरीकरण नसलेली जुनी लेन्स जास्त शार्प अशी तिची ख्याती आहे. त्यामुळे बी००५ सगळ्यांत आधी बाद झाली.

पहिला निर्णय : मोटर

ए१६ ची एक लेन्स ऑनलाइन दिसली, अगदी स्वस्त. मुलगा पैसे पाठवायच्या बेतात होता. मी त्याला विकणाऱ्याकडून लेन्सच्या मागच्या बाजूचा, माउंटचा फोटो मागवायला सांगितलं. फोटोत धातूच्या कड्यावर एक छोटा खाचेचा स्क्रू दिसत होता.

निकॉनच्या कॅमेऱ्यांत इथेच माणसं फसतात. डी९०, डी७२०० अशा बॉडींमध्ये फोकसची मोटर कॅमेऱ्यात असते आणि ती त्या स्क्रूतून लेन्स फिरवते. डी३००० आणि डी५००० मालिकेतल्या कॅमेऱ्यांत ती मोटर नाही. ए१६ ची निकॉनसाठीची पहिली आवृत्ती स्क्रूवाली होती. आत मोटर असलेली ए१६एनटू नंतर आली. दोन्ही समोरून सारख्याच दिसतात, जाहिरातीत दोन्हींचं नाव एकच लिहिलं जातं. आमच्या डी५३०० वर ती स्वस्त लेन्स बसली असती, फोटोही निघाले असते, पण ऑटोफोकस कधीच चालला नसता. विकणारा खोटं बोलत नव्हता. त्याचा कॅमेरा वेगळा होता, एवढंच.

दुसरा निर्णय : आवाज

मग मोटरवाली ए१६एनटू शेजारच्या जिल्ह्यात ११,००० ला मिळाली. आम्ही ती बघायला गेलो. फोटो उत्तम, लेन्स हलकी, किंमत संस्थेच्या वाट्यातच भागणारी. मुलगा खूश होता. पण फोकस घेताना तिची मोटर घर्र करते, आणि लग्नाच्या हॉलमध्ये कुणाला ऐकू न येणारा हा आवाज रिकाम्या खोलीत स्पष्ट ऐकू आला.

सरांना फोन लावला. ते म्हणाले, ‘‘मुलगी दार उघडते आणि बाप काही बोलत नाही, तो पॉज मी किती महिने बसवलाय माहिती आहे ना? त्यात हे घर्र चालणार नाही.’’ निकॉनच्या क्वाएट मोडमध्ये शटरचा आवाज थोडा दबतो, मोटरचा दबत नाही. माझ्या मते हा या प्रकरणातला सगळ्यांत अवघड क्षण. हातात बरी लेन्स, अर्धी किंमत, समोर हिरमुसलेला मुलगा. पण लेन्स ज्या जागेसाठी घ्यायची, त्या जागेची पहिली अट शांतता. आम्ही नाही म्हणून परत आलो.

सिग्माची एचएसएम मोटर पुष्कळ शांत असते असं वाचलं होतं. वाचण्यावर भिस्त न ठेवता पुण्याहून ती लेन्स भाड्याने मागवली आणि रंगीत तालमीला वापरली. सर मुद्दाम त्याच्या शेजारच्या खुर्चीत बसले. पॉजमध्ये त्याने तीनदा फोकस घेतला. सरांनी मान हलवून होकार दिला. वापरलेली सिग्मा घ्यायची, हे तिथेच ठरलं. ओएस तिच्यात होतंच, पण आम्ही पैसे मोजले ते एचएसएमसाठी.

खरेदी, आणि एक सोडलेली लेन्स

पहिली सिग्मा मुंबईला फोर्टातल्या एका दुकानात पाहिली. तपासायची पद्धत साधी ठेवली होती. भिंतीला वर्तमानपत्र चिकटवायचं, कॅमेरा स्टँडवर, ५० मिमी, एफ/२.८. आधी व्ह्यूफाइंडरमधून फोकस घेऊन काही फोटो, मग लाइव्ह व्ह्यूने, म्हणजे मागच्या स्क्रीनवर पाहून, तेवढेच, आणि दोन्ही लॅपटॉपवर शेजारी शेजारी. लाइव्ह व्ह्यूचे कडक शार्प, व्ह्यूफाइंडरचे सगळे किंचित मऊ. मग टेबलावर ओळीने उभ्या केलेल्या खोक्यांवर पाहिलं, तर फोकस दर वेळी नेमलेल्या खोक्याच्या मागे पडत होता.

महागड्या बॉडीत हा फरक मेनूतून दुरुस्त करता येतो. डी५३०० मध्ये ती सोय नाही. सिग्माच्या नव्या मालिकांतल्या लेन्स यूएसबी डॉक लावून घरी जुळवता येतात. ही लेन्स त्याआधीची, तिला डॉक चालत नाही. राहता राहिलं सर्व्हिस सेंटर. दुकानदार म्हणाला, तिथे करून मिळेल, मी दोन हजार कमी करतो. स्पर्धा तोंडावर होती, लेन्स आणि कॅमेरा दोन्ही तिथे ठेवून कधी मिळणार याचा भरवसा नव्हता. नको म्हटलं.

दुसरी पुण्यात एका लग्नाच्या छायाचित्रकाराकडे मिळाली; तो मिररलेसवर (आरसा नसलेल्या नव्या प्रकारच्या कॅमेऱ्यावर) गेला होता. तीच चाचणी, या वेळी फोकस जागेवर. मोबाइलचा टॉर्च लेन्समधून आरपार टाकून बुरशी पाहिली. आपल्याकडे, विशेषतः कोकणपट्टी आणि मुंबईतल्या पावसाळी हवेत कपाटात पडून राहिलेल्या लेन्सच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे धरतात. ते एकदा आत पसरले की स्वस्त लेन्स साफ करणं किमतीत बसत नाही. आत थोडी धूळ होती, बुरशी नव्हती. तेवढ्या धुळीचा फोटोवर परिणाम होत नाही. १७,५०० ला व्यवहार ठरला, आणि सात दिवसांत काही निघालं तर परत घेईन असं त्याने व्हॉट्सॲपवर लिहून दिलं.

लेन्स कुणाची?

दोघांचे पैसे असल्यामुळे हा प्रश्न खरेदीच्या आधी सुटायला हवा होता, आणि तो खजिनदारकाकांनीच लावून धरला. किंमत २२,००० च्या आत आल्यावर त्यांनी सुचवलं की संस्थेने १०,००० द्यावेत आणि मुलाने ७,५००. लेन्स त्याच्याकडे राहील, संस्थेच्या प्रत्येक प्रयोगाला ती येईल. तो शहर सोडून गेला तर संस्थेला १०,००० पैकी वापराच्या वर्षांप्रमाणे कमी करून उरलेली रक्कम देईल, किंवा त्याचे ७,५०० त्याच हिशोबाने घेऊन लेन्स संस्थेला देईल. हे साध्या कागदावर लिहून दोघांच्या सह्या झाल्या. मला हा कागद लेन्सच्या निवडीइतकाच महत्त्वाचा वाटतो. हौशी संस्थांमध्ये वस्तूंवरून माणसं तुटलेली मी पाहिली आहेत.

काय झालं

प्राथमिक फेरीत बापलेकीचा प्रसंग एफ/२.८, १/१६०, आयएसओ ४००० वर निघाला. दोघांचे डोळे दिसतात, बापाच्या हातातल्या किल्लीवर प्रकाशाचा ठिपका दिसतो. त्यातला एक फोटो स्थानिक वर्तमानपत्रात चार कॉलम छापून आला आणि पुढच्या तालुक्यातल्या प्रयोगाच्या पोस्टरवरही तोच गेला.

एफ/२.८ ला एकच नट फोकसमध्ये राहील आणि दुसरा धूसर होईल, ही भीती सरांना होती. ती खरी ठरली नाही. ८ मीटरवर, ५० मिमीला, या सेन्सरवर जवळपास तीन मीटर खोलीचा पट्टा स्पष्ट राहतो. पुढेमागे उभे असलेले दोघे त्यात सहज मावतात. चौकटीचे कोपरे एफ/२.८ ला मऊ असतात हे परीक्षणांतून वाचलं होतं आणि ते तसेच आहेत. पण आमच्या कोपऱ्यांत काळे पडदे असतात.

काही गोष्टी सुटल्या नाहीत. लेन्स ५६५ ग्रॅमची आहे, दोन अंक हातात धरून त्याचं मनगट दुखतं. फोकस घेताना पुढची रिंग फिरते, बोट चुकून तिच्यावर राहिलं की अडखळते. कडेच्या फोकस बिंदूंवर अंधारात फोकस हुकतो. डी५३०० च्या ३९ बिंदूंपैकी मधले नऊच क्रॉस प्रकारचे (उभ्या-आडव्या दोन्ही रेषा ओळखणारे) आहेत, त्यामुळे मधल्या बिंदूने फोकस घेऊन मग चौकट सरकवायची सवय त्याला लावावी लागली. ही कॅमेऱ्याची मर्यादा आहे, लेन्सने ती भरून निघत नाही.

पुन्हा निवड करायची झाली तर

भाड्याची तालीम आम्ही सगळ्यांत आधी ठेवू. तिघांपैकी कोणती लेन्स शांत आहे हे एका संध्याकाळी कळलं असतं, आणि ए१६एनटू बघायला जायची फेरी वाचली असती.

दुसरं, ५५ वर अडकलेला तो ढीग. आमचा तोडगा चालला खरा, पण रंगीत तालमीतल्या क्लोजअपमध्ये प्रेक्षकांसमोरचा ताण नसतो, हे सर वारंवार म्हणतात आणि त्यांचं बरोबर आहे. उरलेले ४,५०० आणि पुढच्या वर्षीची तरतूद मिळून वापरलेली ८५ मिमी एफ/१.८ घ्यावी असा प्रस्ताव कार्यकारिणीपुढे आहे. मुलाचं म्हणणं वेगळं आहे : लेन्स राहू दे, फोकसची मोटर आणि जुळवणीची सोय दोन्ही असलेली जुनी डी७२०० बॉडी घेऊ. तसं केलं तर सोडून दिलेल्या कितीतरी स्वस्त स्क्रूवाल्या लेन्सही वापरता येतील. मी त्याच्या बाजूने आहे. खजिनदारकाका अजून नाहीत. निर्णय पावसाळ्यानंतर, नवी संहिता हातात आल्यावर होईल. तिच्यात रात्र किती आणि दिवस किती, हे आधी पाहायचं आहे.